बसप्पा अण्णांचं विलायती जनावर

बसप्पा अण्णांनी ट्रॅक्टरचे दात मोजायचा प्रयत्न केला, तेव्हा मी तिथं हजर होतो. पुढं कुंभारीत ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जाई आणि त्यात ट्रॅक्टर अण्णांच्या बोटाला चावल्याचाही मजकूर असे. तसं काही झालं नव्हतं. बोट पुढच्या जाळीत अडकलं होतं आणि मी ते तेल लावून सोडवलं.

त्याचं असं झालं. सोलापुरात आमच्या शेटजींच्या दुकानापुढं अमेरिकेहून आलेला नवा कोरा ट्रॅक्टर उभा होता. दुकानात ऑइल इंजिनं, पंप, उसाचे चरक असं सगळं मिळे. ट्रॅक्टर हा पहिलाच. मी तिथला कारकून. इंग्रजी कॅटलॉग वाचून शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगायचा, हे माझं काम. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो, त्यामुळे इंजिनातलं मला काही कळत नव्हतं.

अण्णा आले, त्यांनी उपरणं कमरेला गुंडाळलं आणि ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या घातल्या. मागच्या लोखंडी चाकावर थाप मारली. पुढं येऊन खाली वाकले आणि जाळीत बोट घालून म्हणाले, "पंत, ह्यो किती दाती हाय?"

"अण्णा, हे यंत्र आहे. याला दात नसतात."

"न्हाईत? मग आदत हाय म्हना की." अण्णा खूश झाले. दात न लावलेल्या कोवळ्या खोंडाला आमच्याकडं आदत म्हणतात. "पर आदत खोंडाला लगीच जड काम देऊ ने, पंत. मोडतंय जनावर."

बोट सोडवेपर्यंत त्यांनी मला आणखी सहा प्रश्न विचारले. शेण किती टाकतं, हा त्यातला सगळ्यात सोपा.

बसप्पा अण्णा कुंभारीचे. साठीचे असतील, पण काठीसारखे ताठ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला पांढरा पटका, बोलणं मराठी आणि कोड्यात पडले की कानडी. घरचे खाऊनपिऊन सुखी. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावातलं घर बंद करून ते रानातल्या वस्तीवर चार बैलांबरोबर राहत. सकाळी एक बाई येऊन भाकरी थापून जाई, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. तुम्ही घसा फोडून काहीही समजावून सांगा, अण्णा सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "कळलं. पर उमगलं न्हाई." असं म्हणणाऱ्या माणसापुढं काय करावं, हे मला आजवर ना कळलंय ना उमगलंय.

त्यांचं एक वीस एकराचं रान हरळीनं खाल्लं होतं. ज्यांनी हरळी पाहिलेली नाही त्यांना सांगतो: हे गवत वरून दिसतं बापडं, पण मुळ्या काळ्या मातीत हात-दीड हात खोल. कांडं तुटलं तर तुटल्या ठिकाणी नवं फुटतं. उन्हाळ्यात खोल नांगरून मुळ्या उन्हात वाळवणं, हा एकच उपाय. त्याला सहा-आठ बैलांचा नांगर लागतो, आणि अण्णांनी दोन वर्षं त्या रानात बैल घातला नव्हता. का, ते सांगत नसत. "माजी बैलं त्या रानात जानार न्हाईत," एवढंच. शेजारची जोंधळ्याची रानं पिकत आणि यांचं रान हिरवंगार पडून राही. अजून एक-दोन वर्षं गेली असती तर ते रान कायमचं हातचं गेलं असतं. म्हणून ते ट्रॅक्टर बघायला आले होते.

शेटजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पंत, याचं रान आपल्या ट्रॅक्टरनं नांगरलं तर अख्खा तालुका दुकानात येईल. नाही नांगरलं, तर तुम्ही दुसरीकडं नोकरी बघा."

मी लगेच कॅटलॉग उघडला. "अण्णा, यात वीस घोड्यांची ताकद आहे."

"घोडी कशाला? घोडं कुटं नांगराला जुपत्यात? बैलांत सांगा."

आम्ही ओट्यावर हिशेबाला बसलो. एक घोडा म्हणजे दीड बैल, असं मी म्हटलं. अण्णांनी विचारलं, बैल कुठला, खिलार का गावठी? खिलार म्हटल्यावर ते म्हणाले, मग दीड बसत नाही. शिवाय घोडा पोसलेला का टांग्याचा, हेही कॅटलॉगात नव्हतं. तासाभरानं आम्ही साडेसतरा बैलांवर आलो. तो अर्धा बैल अण्णांच्या डोक्यात बरेच दिवस फिरत होता.

"आन ही इसच्या ईस घोडी येकदम दमत्यात, का येकेक करून?"

"यंत्र दमत नाही, अण्णा."

त्यांनी माझ्याकडं फार कीव करून बघितलं. "पंत, ज्येला ताकद हाय, त्येला दम लागतोच की."

शिमगा झाल्यावर ट्रॅक्टर चाचणीसाठी कुंभारीला नेला. चालवायला आमचा उस्मान मिस्त्री होता. उस्मानला जगातली सगळी इंजिनं उमगत आणि माणूस एकही उमगत नसे. गाव वेशीवर लोटलं होतं. ट्रॅक्टर दिसताच जो तो मत सांगू लागला. एक म्हणाला, ह्या रानातली भाकर घासलेटाचा वास मारणार. दुसरा म्हणाला, एवढं लोखंड भुईवरून फिरलं की भुई दबून मरते. पाटलांचं म्हणणं होतं, खालची माती वर काढू नये, ती खाली आहे ती काही कारणानं आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, साप आडवा आला तर बैल थबकतो, हे थबकेल का? मी कॅटलॉग चाळला. सापाचं काही दिलेलं नव्हतं.

अण्णांनी ट्रॅक्टरच्या कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं असं त्यांना वाटलं तिथं, विभूतीचे तीन पट्टे ओढले. नारळ फोडला. मग उस्माननं हँडल मारलं, ट्रॅक्टर धडधडला आणि अर्धं गाव पांदीच्या वाटेनं पळालं. राहिलेल्या अर्ध्या गावानं पाहिलं, की नांगराचा फाळ हरळीच्या जाळीत लोण्यात सुरी जावी तसा गेला. काळी माती उलटी पडत गेली. अण्णा तासातून, म्हणजे नांगरानं पाडलेल्या सरीतून, मागं मागं चालत होते. मला वाटलं, जिंकलं आपण.

पण दोन दिवसांनी सोमवार आला.

"आज न्हाई," अण्णा म्हणाले. "सोमवार बसवण्णाचा, नंदीचा. मानेवर जू ठेवायचं न्हाई."

"अण्णा, याला मान कुठं आहे?"

"मान नसंल. वढतंय तर?"

सोमवारी ट्रॅक्टर उभा राहिला. शुक्रवारी उस्मान नमाजाला सोलापूरला जाई. रविवारी आमचं दुकान बंद, त्यामुळे घासलेटाचा डबा मिळत नसे. आणि अमावास्येला तर कुंभारीत माशीसुद्धा काम करत नाही. असा तो ट्रॅक्टर आठवड्यातून चार दिवस नांगरी. त्याची नोकरी माझ्यापेक्षा बरी होती.

संध्याकाळी काम सुटलं की अण्णा त्याला बैलांच्या दावणीशेजारी उभा करायला लावत आणि पुढच्या चाकाला दावं बांधत.

"अण्णा, ये भागता नै," उस्मान कपाळाला हात लावून म्हणे.

"पळत न्हाई ह्ये मलाबी ठावं हाय, उस्मानभाई. पर परमुलखातनं आलंय. बांदलं म्हंजे आपल्या घरचं वाटतं त्येला."

मी दुकानात परत गेलो की हे सगळं नकलांसकट सांगत असे. शेटजी, हमाल, शेजारचा पानवाला, सगळे पोट धरून हसत. मला त्या दिवसांत फार चांगला माणूस समजत असत.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. गुरुवारी रान फार कडक लागलं. ट्रॅक्टर दिवसभर कण्हत होता, पुढच्या टाकीतून वाफ येत होती, आवाजात खरखर आली होती. उस्माननं चार वाजता काम थांबवलं. "गरम हो गया. ठंडा होने दो," असं सांगून, दुसऱ्या दिवशी शुक्रवार असल्यामुळे, तो सोलापूरला निघून गेला. शनिवारी सकाळी आम्ही दोघं परत आलो. हँडल मारायला नेहमीपेक्षा दुप्पट जोर लागला. ट्रॅक्टर सुरू झाला, दोन तासं नांगरली, आणि मग सगळ्या रानात भजी तळल्याचा वास सुटला.

खोटं सांगत नाही. खमंग वास. बांधावर बसलेल्या माणसांनी इकडंतिकडं बघितलं. मग निळा धूर आला, ट्रॅक्टरनं एक लांब उसासा टाकला आणि तो तासातच बसला.

उस्माननं इंजिन उघडलं. बराच वेळ आत डोकं घालून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं पिवळीधमक होती.

"पंतजी," तो म्हणाला, "इंजन में हल्दी है."

"काय?"

"हल्दी! हल्दी लगाके रक्खे इसकू! शादी है क्या इसकी?"

शेटजी मोटारीतून आले. इंजिनात करडीचं तेल घट्ट होऊन रोगणासारखं चिकटलं होतं. त्यात हळद, आणि तळाशी गूळ. शेटजींचा चेहरा जांभळा झाला. "कुणी ओतलं हे? उस्मान, यंत्र तुझ्या ताब्यात होतं. खरं सांग, नाहीतर आजपासून दुकानात पाऊल टाकू नकोस."

उस्मान खाली बघत राहिला. गिऱ्हाइकाचं नाव घेतलं तर विक्री गेली, नाही घेतलं तर त्याची भाकरी गेली. चार लेकरांचा बाप होता तो. मी? मी कॅटलॉग हातात धरून उभा होतो. बोलायला हवं होतं, बोललो नाही, हे कबूल करतो.

तेवढ्यात दावणीकडून अण्णा आले. हातात बैलाला औषध पाजायची बांबूची नळी होती.

"त्येला का बोलताय? म्या पाजलं."

"तुम्ही? अहो, यंत्राला कुणी गूळ पाजतं?"

"लई तापलं हुतं. तोंडातनं वाफ, घशात खरखर. आमी बैलास्नी ह्येच देतो. करडीचं त्याल, हळद, गूळ. दुसऱ्या दिशी बैल उड्या मारतंय." अण्णा गोंधळून एकदा शेटजींकडं, एकदा ट्रॅक्टरकडं बघत होते. "चुकलं व्हय?"

शेटजी तोंड उघडणार, तोच अण्णा पुढं बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"दोन वर्सांमागं ह्याच रानात म्या केंच्याला जुपला हुता. माजा तांबडा बैल. सा बैली नांगर, वैशाकाचं ऊन. दुपारच्याला असाच तासात बसला. मला वाटलं, सोंग करतंय. पराणी टोचली. येकदा न्हाई, तीनदा. उटला बिचारा. चार पावलं गेला आन पडला." त्यांनी नळी या हातातून त्या हातात घेतली. "माज्या घरचंच जनावर, सात वर्सं जुवाखाली हुतं, आन मला त्याचं दुकनं कळलं न्हाई. म्हनून परवा ह्ये खरखराय लागलं तवा म्हनलं, ह्या खेपेला वाट बगायची न्हाई."

बांधावरचा एक जण हसायला लागला होता, त्यानं मान खाली घातली. उस्माननं पिवळी बोटं हळूच हातातल्या फडक्याला पुसली.

"जनावर माज्या दारात आजारी पडलं," अण्णा म्हणाले. "आता ते माजंच. लंगडं करून धन्याच्या दारात न्हेऊन बांदायचं, ही आमची रीत न्हाई."

आणि त्यांनी उपरणं काढलं, शेटजींचा हात धरून त्याखाली ओढला आणि जनावरांच्या बाजारात करतात तसा बोटांनी भाव सांगितला. शेटजींना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण अण्णा ट्रॅक्टर विकत घेतायत एवढं कळलं, आणि त्यांनी घाईघाईनं मान डोलावली. त्या उपरण्याखाली नक्की काय ठरलं, यावर पुढं दोघांचं कधीच एकमत झालं नाही, पण अण्णांनी कॅटलॉगात होती ती किंमत मुकाट्यानं दिली.

उस्माननं आठ दिवस खपून इंजिन धुऊन, खरवडून पूर्ववत केलं. शेटजींनी त्याला तिथं काही दिवस चालवायला ठेवलं होतं, पण तो तिसऱ्याच दिवशी शेंगाचटणीचं गाडगं घेऊन परत आला. अण्णांनी सांगितलं होतं म्हणे, की लागलं तर बोलावतो. मी समजलो, काम झालं.

अक्षय्यतृतीया झाली आणि शेटजींच्या डोक्यात जाहिरात छापायचं आलं. मी एक झकास शिफारसपत्र तयार केलं: 'या ट्रॅक्टराने माझे हरळीचे वीस एकर रान अल्पावधीत निर्मळ केले, याबद्दल मी अत्यंत समाधानी आहे.' खाली अण्णांच्या अंगठ्याला जागा सोडली आणि कुंभारी गाठली.

दुपारची वेळ होती. ऊन असं, की डोळे उघडत नव्हते. वस्तीवर निंबाच्या सावलीत चारी बैल रवंथ करत बसले होते. शेजारी नवं छप्पर घातलेलं दिसलं. त्याखाली ट्रॅक्टर, पुसून लखलखीत, आणि त्याच्या इंजिनाच्या झाकणावर ओलं पोतं. अण्णा कुठं दिसेनात. हाक मारली, ओ नाही. मी हरळीच्या रानाकडं वळलो.

रानाचा निम्मा तुकडा नांगरलेला होता, चाचणीच्या वेळचा आणि वर थोडासा. बाकीचं तसंच. आणि त्या सगळ्या उन्हात एक माणूस कुदळ मारत होता. कुदळ वर जाई, खाली येई. मग तो वाके, मुळ्यांची जुडी ओढून काढी, माती झटकी, ढिगावर टाकी आणि पुन्हा कुदळ उचली. पटका घामानं काळा झाला होता.

"अण्णा! इंजिन बंद पडलंय का?"

"आं? पंत व्हय. न्हाई, झ्याक हाय. उस्मानभाईनं लई चांगलं केलंया."

"मग चालवायला माणूस नाही?"

"बोलिवला तर येतोय की."

"मग बैल तरी जुंपा!"

त्यांनी अशा नजरेनं बघितलं, की मी तो विषय सोडला.

"अहो, कुदळीनं दहा एकर? जन्म जाईल."

अण्णा कुदळीवर हात ठेवून उभे राहिले. खरंच विचारात पडले होते ते. "दोन दिस चालिवलं की ट्रॅक्टर. झ्याक नांगरलं त्येनं. पर मागं चालताना माजा कान सारका तिकडंच. आवाज जरा बदलला की काळजाचं पानी व्हायचं. म्हनलं, ऱ्हाऊ दे." मग थांबून म्हणाले, "मलाच समजंना झालंय, पंत. बैलांस्नी तरास नगो म्हनून ह्येला आनलं. आता ह्येलाबी तरास नगो वाटतंय. मग काम करायचं कुनी?"

"पण तुम्हाला त्रास होत नाही? या वयात?"

"माजं काय. मला दमलो म्हनून सांगता येतंय की. त्यास्नी कुटं येतंय?"

असं म्हणून ते पुन्हा कुदळ मारू लागले.

मी इकडंतिकडं बघितलं. बांधावर कुणी नव्हतं. भाकरी थापणारी बाई सकाळीच गेली असणार. गाव दूर, शेजारच्या रानात चिटपाखरू नाही. सांगता येतं हे खरं होतं, पण सांगणार कुणाला? दहा वर्षं हा माणूस संध्याकाळी त्या वस्तीवर जाऊन कुणाला सांगत होता? दोन महिने मी या माणसाच्या नकला करून दुकान हसवलं होतं, त्याची मला त्या उन्हात फार लाज वाटली.

शिफारसपत्राची घडी मी खिशात घातली. कोट काढून निंबाला अडकवून आलो आणि ढिगाजवळ बसून मुळ्यांची माती झटकू लागलो. कारकुनाचे हात, दहा मिनिटांत सोलले. अण्णांनी एकदा बघितलं आणि पुन्हा कुदळ उचलली.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "अण्णा, दमलात का?"

कुदळ थांबली. अण्णांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं, रानाकडं बघितलं. मग कुदळ खाली ठेवून ते हळूच माझ्याशेजारी ढेकळावर बसले.

"व्हय, पंत," ते म्हणाले. "लई दमलोय."